तातुंगचा दोन भांड्यांचा इलेक्ट्रिक कुकर: दीड वर्ष रोज वापरल्यावर

दीड वर्ष जवळजवळ रोज वापरून झाल्यावर लिहितेय. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर सगळं छान छानच लिहिलं असतं, आता याच्यात काय होतं आणि काय होत नाही हे नीट कळलंय.

कुकर तैवानच्या तातुंग कंपनीचा, हिरवा रंग, सहा माणसांचा साइझ. आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो, घरात चौघं, त्यामुळे रोजच्याला हा पुरतो, पाहुणे आले की दोनदा लावावा लागतो. पंधरा-सोळा हजार येनच्या घरात पडला. एवढ्या पैशात इथे चांगले डिजिटल राइस कुकर येतात, त्यांना टायमर असतो, सात-आठ प्रकारच्या भातांची बटणं असतात, भात झाला की छोटीशी ट्यून वाजते, आणि याला समोर फक्त एक खटका आहे. खटका खाली दाबायचा, भात झाला की तो आपोआप वर येतो, टक्कन आवाज होतो, झालं. भात गरम ठेवायचं एक बटण आहे, बाकी काहीही नाही.

आत दोन भांडी. बाहेरचं भांडं म्हणजे कुकरचं अंगच, त्यात मोजून पाणी ओतायचं, सोबत १८० मिलीचा मापाचा पेला येतो, आणि तांदूळ-पाणी घातलेलं स्टीलचं भांडं त्या पाण्यात ठेवायचं, वर झाकण. आपण प्रेशर कुकरच्या तळाला पाणी घालून वर भाताचा डबा ठेवतो अगदी तसंच, फक्त शिट्टी नाही आणि प्रेशर नाही. बाहेरचं पाणी उकळतंय तोपर्यंत तळ शंभर डिग्रीच्या फार वर जात नाही, पाणी आटलं की तळ एकदम तापायला लागतो आणि तो ताप लागून आतला स्विच उडतो. म्हणजे घड्याळाचं काम पाणीच करतं. एक पेला पाणी घातलं तर साधारण पंधरा-वीस मिनिटं, दोन घातले तर पस्तीस-चाळीस. इतकं साधं आहे की पहिल्यांदा बघितल्यावर मला वाटलं यात शोध लावण्यासारखं काय आहे. नंतर कळलं की हे जमायला तीन वर्षं लागली होती आणि त्यातलं खरं काम एका बाईने स्वतःच्या घरात केलं होतं. ती गोष्ट ऐकूनच मी हा कुकर घेतला म्हणून ती आधी सांगते, ज्यांना नुसतं तांदूळ-पाण्याचं प्रमाण हवंय त्यांनी सरळ खाली जावं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक जपानी आजी राहतात, वय ८७. माझ्या मुली त्यांना ओबाचान म्हणतात म्हणून मीही तेच म्हणते. त्यांचं माहेर सायतामातल्या एका खेड्यातलं, शेतकरी घर, माणसं अकरा. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा प्रेशर कुकरची शिट्टी झाली आणि त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या, इतक्या दचकल्या. इथल्या घरांच्या भिंती पातळ, त्यामुळे शिट्टी खालपर्यंत ऐकू जायची हे मला त्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं, चार वर्षं मी रोज सकाळी सहाला चार शिट्ट्या काढत होते आणि त्या माउलीने एकदाही तक्रार केली नव्हती. मग भात कसा करतेस, आमच्याकडे कसा करायचे, अशा गप्पा सुरू झाल्या.

त्यांच्या लहानपणी भात व्हायचा कामादोवर. कामादो म्हणजे मातीची मोठी वैलाची चूल म्हणा, त्यात जाड तळाचं लोखंडी भांडं बसवलेलं आणि त्यावर लाकडाचं जड झाकण. त्यांची आई सून असल्यामुळे घरात सगळ्यात आधी उठायची, पहाटे चारला, हिवाळ्यात विहिरीवरून पाणी आणायचं, काटक्या पेटवायच्या आणि मग भात होईपर्यंत चुलीसमोरून हलायचं नाही. जपानमध्ये याचं एक जुनं गाणं आहे, बायका मुलींना शिकवायच्या, त्याचा अर्थ असा की आधी जाळ मंद, मग भडक, आणि बाळ रडलं तरी झाकण उघडू नको. ओबाचाननी ते म्हणून दाखवलं आणि शेवटच्या ओळीला थांबल्या. म्हणाल्या, माझा धाकटा भाऊ खरंच रडत असायचा, आई चुलीसमोर बसून राहायची, मी त्याला पाठीला बांधून अंगणात फिरायचे, तेव्हा मी आठ वर्षांची.

आठ वर्षांच्या म्हणजे १९४६. युद्ध संपून वर्ष झालेलं. शहरात तर भाताचाच पत्ता नव्हता, रेशन होतं माणशी दिवसाला २९७ ग्रॅम आणि त्यातही तांदळाच्या जागी रताळी-बटाटे मिळायचे, शहरातल्या बायका किमोनो घेऊन खेड्यात यायच्या आणि त्याच्या बदल्यात तांदूळ मागायच्या. ओबाचानच्या आईने एक निळा किमोनो असा घेतला होता आणि तो तिने आयुष्यभर घातला नाही, पेटीत ठेवून दिला, ज्या बाईने दिला तिचा चेहरा आठवायचा म्हणून. त्याच वर्षी १० एप्रिलला जपानी बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं आणि ३९ बायका निवडूनही आल्या. मी विचारलं, आईने मत दिलं का? हो म्हणाल्या, पण भात चारला उठून करूनच गेली.

मला हे वाक्य फार लागलं. कायद्याने नवराबायको समान झाले, १९४७ च्या राज्यघटनेत तसं लिहिलंच गेलं, पण चूल पेटवायला कोण उठणार यात काडीचा फरक पडला नाही. आणि बायकांना ते कळत होतं. १९४८ मध्ये टोकियोत ओकु मुमेओ या बाईंच्या पुढाकाराने गृहिणींची संघटना उभी राहिली, शुफुरेन नावाची, सुरुवात झाली ती पेट न घेणाऱ्या खराब काडेपेट्यांवरून. रेशनवर मिळणाऱ्या काड्या पेटायच्याच नाहीत, आणि जिला पहाटे चूल पेटवायचीय तिला न पेटणाऱ्या काडीचा राग काय असतो हे चूल पेटवलेल्या बाईलाच विचारा. या बायका मोर्च्यात लाकडी भातवाढणी घेऊन जायच्या, माणसाच्या उंचीची मोठी, त्यावर मागण्या लिहिलेल्या. मी फोटो बघितलाय, पांढरे एप्रन घातलेल्या बायका आणि हातात भातवाढण्या.

खेड्यात वेगळं चाललं होतं. सरकारने गावोगाव बायका नेमल्या होत्या, त्या सायकलवरून यायच्या आणि धुराडं असलेली सुधारित चूल कशी बांधायची ते शिकवायच्या. पैसे कुठून आणायचे तर अंड्यांची भिशी. ओबाचानची आई आणि शेजारच्या बायका, प्रत्येकीने कोंबडीची काही अंडी बाजूला ठेवायची, एकीने सगळ्यांची विकून आणायची, पैसे साठले की एकेकीची चूल व्हायची. त्यांच्याकडे झाली १९५२ ला. डोळ्यांतला धूर गेला, पण पहाटेचे चार राहिले.

आता कुकर. तोशिबा कंपनीत शोगो यामादा म्हणून विक्री बघणारे गृहस्थ होते, ते गावोगाव वॉशिंग मशीनचं प्रात्यक्षिक दाखवायचे आणि जमलेल्या बायकांना विचारायचे की घरातलं सगळ्यात जड काम कुठलं. त्यांना वाटलं होतं धुणं म्हणतील. बायका म्हणाल्या भात. त्याआधीही विजेवर भात करायचे प्रयत्न झाले होते, सोनी ज्यांनी काढली त्यांनी युद्ध संपल्या संपल्या लाकडी टबात इलेक्ट्रोड बसवून करून बघितला होता, तो कधी कच्चा तर कधी गिच्च व्हायचा. अडचण एकच होती, बंद कधी करायचं ते यंत्राला कळत नव्हतं, म्हणजे बाईला तिथेच बसावं लागणार, मग चूल काय वाईट.

यामादांनी हे काम दिलं योशितादा मिनामी यांना, त्यांचा छोटा कारखाना होता, तोशिबासाठी माल बनवायचे. त्यांना भात करता येत नव्हता. त्यांची बायको फुमिको, तिला येत होता. मग भात तिने केला, रोज, दिवसातून कितीतरी वेळा, मुलंबाळं सांभाळून, आणि प्रत्येक वेळी थर्मामीटर आणि वही घेऊन नोंद. पाणी किती, तांदूळ किती, किती डिग्रीला किती वेळ. थंडीत भात बिघडतो असं दिसल्यावर भांडं बाहेर गारठ्यात ठेवून तिथे बसून मोजलं. यातून कळलं ते असं की पाणी उकळल्यानंतर तांदूळ वीस मिनिटं तसाच उकळत्या तापात राहिला पाहिजे, कमी नको, जास्त नको. आणि ती वीस मिनिटं मोजायला बाहेरच्या भांड्यात वीस मिनिटांत आटेल एवढंच पाणी. हेच माझ्या ओट्यावर रोज होतं. १९५५ च्या डिसेंबरमध्ये कुकर बाजारात आला, पहिले ७०० नग, किंमत ३,२०० येन, नव्याने नोकरीला लागलेल्या पदवीधराच्या महिन्याच्या पगाराचा साधारण तिसरा हिस्सा. त्या वर्षी जपानात भाताचं पीकही विक्रमी आलं होतं. चारेक वर्षांत जवळपास निम्म्या घरांत विजेचा कुकर गेला. फुमिको बाई मात्र त्यानंतर फार वर्षं जगल्या नाहीत.

माझ्या मते घरातल्या बाईच्या कामाला प्रयोग म्हणावं अशी याहून चांगली जागा नाही. तिने जे केलं ते प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून केलं असतं तर तिचं नाव शाळेच्या पुस्तकात असतं.

ओबाचानच्या घरी कुकर आला १९५७ ला, हप्त्यावर. त्यांच्या आजीने, म्हणजे आईच्या सासूने, पहिला आठवडा तो भात खाल्ला नाही. झोपून राहणारीच्या हातचा भात नको म्हणाली. टायमर वेगळा मिळायचा, तो आईने आणखी वर्षभराने घेतला, रात्री तांदूळ धुऊन लावून ठेवायचे आणि सकाळी उठेपर्यंत भात तयार. मी विचारलं, मग तो वाचलेला वेळ आई काय करायची? ओबाचान म्हणाल्या, पहिले काही दिवस चारलाच उठायची आणि कुकरसमोर बसायची. भरवसा नव्हता म्हणून. मग एक दिवस उठली नाही, मी घाबरून बघायला गेले तर शांत झोपली होती, तोंड जरा उघडं. आईला झोपलेलं मी पहिल्यांदा बघितलं, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.

हे ऐकून मी घरी आले आणि रात्री शोधत बसले की दोन भांड्यांचा कुकर अजून मिळतो का. जपानमध्ये पुढे एका भांड्याचे कुकर चालायला लागले आणि ही पद्धत मागे पडली. पण तैवानच्या तातुंगने १९६० मध्ये तोशिबाचं तंत्र घेऊन हा कुकर काढला होता आणि ते आजही तोच बनवतात, दिसायलाही जवळपास तसाच. तिकडे घरोघरी आहे, शिकायला परदेशी जाणारी मुलं बॅगेत घालून नेतात, कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये चहातली अंडी उकळत असतात तीही यातच. मी ऑनलाइन मागवला, ज्यांच्याकडून घेतला त्यांनी पहिल्यांदा झाकणाला पोचा आलेला पाठवला, फोटो पाठवल्यावर आठ दिवसांनी बदलून दिला, तेवढा मनस्ताप झाला. घेताना खोका उघडून तिथल्या तिथे झाकण बसवून बघा, नीट बसलं नाही तर वाफ जाते आणि सगळं गणित बिघडतं.

पहिल्या दिवशी ओबाचानना बोलावलं. खटका त्यांनी दाबला. मग आम्ही दोघी चहा घेत बसलो, मुलीचा अभ्यास, त्यांचा गुडघा, काय काय बोललो आणि स्वयंपाकघरातून टक् झालं. त्या बोलता बोलता थांबल्या आणि हसल्या. झाकण उघडायला उठले तर हात धरून म्हणाल्या, अजून पंधरा मिनिटं, मुरू दे. तर हे पहिलं लक्षात ठेवा, खटका वर आला म्हणजे भात झाला असं नाही, त्यानंतर झाकण न उघडता दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, नाहीतर वरचा भात ओला आणि मधला कणीचा लागतो.

प्रमाण माझ्या अनुभवाने असं. आतल्या भांड्यातून वाफ फारशी उडत नाही त्यामुळे गॅसवरच्यापेक्षा पाणी कमी लागतं. जपानी तांदळाला एकास एकपेक्षा थोडंसंच जास्त, अर्धा तास भिजवून. आंबेमोहोर मी पुण्याहून आणते, त्याला एकास पावणेदोन, आम्हाला मऊ आवडतो, मोकळा हवा असेल तर दीड. बासमतीला भिजवून सव्वा. बाहेरच्या भांड्यात दोन ते चार पेले तांदळाला एक पेला पाणी, त्याहून कमी तांदूळ असेल तर पाऊण. एकदा मी बाहेरचं पाणी घालायलाच विसरले, दोन मिनिटांत खटका उडाला आणि तांदूळ तसाच, पाणी घालून परत लावला तर चांगला झाला, काही बिघडलं नाही.

आंबेमोहोराचा वास यात जसा राहतो तसा प्रेशर कुकरमध्ये राहत नाही, हे मी शपथेवर सांगेन. शिट्टीबरोबर वास बाहेर जातो बहुतेक, यात तो भातातच राहतो, झाकण काढलं की आजोळच्या माजघरात गेल्यासारखं वाटतं. माझी आजी राजापूरकडची, तिच्याकडे चुलीवरच भात व्हायचा आणि तळाला खरवड धरायची, आम्ही भावंडं त्यावरून भांडायचो. इथेही त्या खरवडीला नाव आहे, ओकोगे, आणि ओबाचानच्या घरीही त्यावरून भांडणं व्हायची. या कुकरमध्ये खरवड येत नाही. तळ शंभराच्या फार वर जातच नाही तर कुठून येणार. ज्यांना हवी असेल त्यांनी एका भांड्याचा कुकर घ्या नाहीतर पातेल्यात करा.

वरणाचं सांगते, कारण सगळ्या मराठी मैत्रिणी हेच विचारतात. भाताच्या भांड्यावर जाळी ठेवून त्यावर वाटीत तूरडाळ ठेवली तर ती एका पेल्यात शिजत नाही. डाळ तासभर कोमट पाण्यात भिजवायची, दोन पेले बाहेर, वेगळी लावायची, मग शिजते, रवीने घोटल्यावर छान एकजीव होते पण प्रेशर कुकरसारखी लोणी होत नाही. मूगडाळ मात्र भाताबरोबर होते. राजमा, छोले, काळे वाटाणे यासाठी प्रेशर कुकर ठेवाच, मीही ठेवलाय, रविवारी दुपारी लावते, सकाळी सहाला नाही.

मोदक फार सुंदर होतात. गेल्या गणपतीत २१ केले, सात-सात करून तीन वेळा, एक पेला पाण्यात एक खेप, पारी फुटली नाही एकही, कारण वाफ हळू येते. हळदीची पानं मला मिळाली नाहीत, ओलं मलमल घातलं. ढोकळा होतो, पातोळे होतात, सुरळीच्या वडीचं पीठ शिजवायचा प्रयत्न केला ते जमलं नाही, गुठळ्या झाल्या. माझा नेहमीचा इडलीस्टँड यात बसत नाही, वाट्यांत कराव्या लागतात, इडली रोज लागत असेल तर मोठा साइझ बघा. कालची पोळी किंवा भात गरम करायला अर्धा पेला पाणी, मायक्रोवेव्हपेक्षा शंभरपटीने चांगलं, पोळी कडक होत नाही.

आता ज्याला टायमर हवाय त्याने हा घेऊ नये, साधी गोष्ट आहे. मला सकाळी डबे असतात, मी सहाला उठून खटका दाबते आणि आंघोळीला जाते, येईपर्यंत मुरत असतो, मला चालतं. गरम ठेवायचं बटण तासभरच वापरा, पुढे कडेचा भात सुकतो. आतलं भांडं स्टीलचं, नॉनस्टिक नाही, त्यामुळे भात चिकटतो, पाणी घालून दहा मिनिटं ठेवलं की निघतो, पण त्याचं कोटिंग निघायची भीती नाही आणि घासणीने घासता येतं. बाहेरच्या भांड्यात पाण्याचे पांढरे डाग धरतात, महिन्यातून एकदा पाण्यात लिंबाची साल टाकून उकळायचं. झाकण तापतं, मूठही वाफेने तापते, फडकं घेऊनच उचला, घरात लहान मूल असेल तर कुकर ओट्याच्या आतल्या बाजूला ठेवा.

भारतात न्यायचा विचार असेल तर माझा जपानचा आहे, १०० व्होल्टचा, तैवानमधला ११०, आपल्याकडे २३०, तसाच प्लगला लावला तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो चांगलाच जड येतो. माझ्या आईला हवा होता, तिच्या सांध्यांना प्रेशर कुकरचं झाकण फिरवणं आता जमत नाही आणि शिट्ट्या मोजायला ओट्याशी उभं राहवत नाही. तिच्यासाठी पुण्यातच साधा खटक्याचा इलेक्ट्रिक कुकर घेतला, एका भांड्याचा. परवा फोनवर म्हणाली, भात लावला आणि खाली बागेत जाऊन आले.